हेडसरांचा निरोप, माझ्या आवाजात

तमाम ग्रामस्थ, पालक आणि हितचिंतक यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या हायस्कुलात दोन वर्षांपूर्वी झालेल्या दहावीच्या शुभेच्छा समारंभाचे आभारप्रदर्शन आजतागायत झालेले नाही. सूत्रसंचालक या नात्याने ती जबाबदारी माझी होती. हार देणारे, माईक देणारे, चिवडा-पेढ्याची सोय करणारे असे सगळे दाते तेव्हापासून आभारावाचून उघड्यावर पडलेले आहेत. त्यांनी अजून थोडी कळ काढावी.

उंब्रजच्या रस्त्यापासून आत, उसाच्या पट्ट्यात आमची शाळा. तिथं मी मराठी शिकवतो. गावात कुठंही माईक लागला की एकतर तो माझ्यासमोर येतो, नाहीतर मी त्याच्यासमोर जातो. साखरपुडे, सत्कार, कुस्त्यांचं मैदान, शोकसभा, मला काहीही चालतं. एकदा तर शोकसभेत वारलेल्या गृहस्थांना मी पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या होत्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आमचे हेडसर नेमके उलटे. ते गणिताचे. हेडमास्तर झाल्यावरसुद्धा दहावीचं गणित त्यांनी सोडलं नाही. शुभेच्छा समारंभात त्यांचं भाषण दरवर्षी चार वाक्यांचं असे : पेपरला वेळेत जा. सोपी गणितं आधी सोडवा. कुणाचं बघून लिहू नका. जेवून जा. एवढं बोलून खाली बसायचे. मग उरलेला अर्धा तास मी भरून काढायचो.

आमची दोस्ती बिडीची. मधल्या सुट्टीत आम्ही दोघं शाळेच्या मागच्या भिंतीआड जायचो आणि एकेक ओढायचो. त्याच भिंतीच्या दर्शनी बाजूला 'आमची शाळा तंबाखूमुक्त शाळा' असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं होतं. खाली एक यमकबद्ध घोषणाही होती. ती माझीच रचना. बिड्यांचा बंडलही बहुतेक वेळा माझाच असायचा.

त्या समारंभाच्या आदल्या जूनमध्ये सरांचा आवाज बसला. मी ज्येष्ठमध आणून दिला. ते ज्येष्ठमध चघळायचे आणि वर बिडी ओढायचे. श्रावण संपता संपता आवाज फाटक्या पत्र्यासारखा झाला, तेव्हा मी त्यांना मिरजेला घेऊन गेलो. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "हे मास्तर आहेत ना?" मी हो म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल."

गणपतीत ऑपरेशन झालं. गळ्याला खाली भोक पाडलं, श्वास तिथूनच घ्यायचा. त्यावर मलमलचा ओला रुमाल बांधलेला. ऑपरेशनला निघताना वर्गाला त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं होतं, "दोन धडे राहिलेत. त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. बरा होऊन येतो आणि घेतो." पोरं निर्धास्त राहिली. हेडसर येतो म्हणाले म्हणजे येणार.

ते आले, पण वर्गावर नाही. दिवाळीनंतर महिनाभर रोज मिरजेला जाऊन किरणांचा शेक घेणं चाललं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की फळ्याजवळ जायचं नाही. खडूची भुकटी भोकातून थेट आत जाते, मग खोकल्यानं जीव घाबरा होतो. एकदा ऑफिसात नुसता डस्टर झटकला तर ते निळे पडले होते. त्यामुळे शेक संपल्यावर दुपारी नुसते ऑफिसात येऊन बसायचे, कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या कागदावर लिहून बोलायचे. दहावीच्या गणितावर दुसरा शिक्षक मिळाला नाही. खेळाचे सर तासाला जायचे आणि गाईड वाचून दाखवायचे. त्यांचाही इलाज नव्हता. त्यांना स्वतःला शंकू म्हणजे मैदानावर ठेवायचा तो लाल टोपीसारखा, एवढाच ठाऊक.

जानेवारीत नवा रिपोर्ट आला. फुप्फुसात उतरलं होतं. सरांनी तो मला वाचायला दिला आणि कागदावर लिहिलं, 'मृग लागेपर्यंत मी नसेन.' त्यांचं उत्तर कधी चुकत नसे. मृगाच्या आठ दिवस आधी ते गेले. पण त्या दिवशी ते लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडून परत घेतला आणि खाली अजून एक ओळ लिहिली : 'पोरांना खरं सांगायला हवं. येतो म्हणून सांगितलंय.'

समारंभ फेब्रुवारीत झाला. दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन काढून हॉल केला होता. पाहुण्यांच्या खुर्च्यांमागच्या फळ्यावर चित्रकलेच्या बाईंनी दोन दिवस खपून रंगीत खडूंचा मोर काढला होता. मुली आयांच्या साड्या नेसून आलेल्या. मुलांनी केसांना इतकं तेल लावलं होतं की पंखा लावायची भीती वाटावी. परीक्षेचं प्रवेशपत्र एकेका पाकिटात घालून वाटलं, आणि संस्थेच्या चेअरमनांनी स्वखर्चानं प्रत्येकाला एक पेन दिलं.

मग चेअरमन बोलायला उठले. "माझी इच्छा हाय की ह्यातला एक जण कलेक्टर झाला पायजे, एक जण डॉक्टर, एक जण सायंटिस. आणि जो कलेक्टर हुईल त्यानं आदी आपला रस्ता करायचा. आमी पंधरा वर्सं मागतोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग तुमी काय करताय पंधरा वर्सं?" चेअरमनांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. मी माईकवर एक शेर टाकून वेळ मारून नेली.

त्यानंतर हेडसरांच्या शुभेच्छा. सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. मी उघडला. सुरेख, सुटं अक्षर :

'तुमचे दोन धडे शिकवायचे राहिले. चूक माझी. बरा होऊन येतो म्हणालो होतो. बरा होणार नाही. त्या धड्यांवरचे प्रश्न पेपरात शेवटी सोडवा. जेवून जा.'

समोर साठ-सत्तर पोरं, पावडर लावलेली, खुशीत असलेली. बाजूला चेअरमन. भिंतीशी पालक. मला ते वाचवेना. आणि खरं सांगायचं तर सवयही नडली. इतकं कोरडं भाषण मी उभ्या जन्मात वाचलं नव्हतं. मी कागद छातीशी धरला, डोळे मिटले आणि सुरू झालो.

"बाळांनो! तुमचे हेडसर म्हणतात, तुम्ही माझ्या बागेतली फुलं आहात. ही फुलं उद्या दाही दिशांना दरवळतील. आणि काळजी करू नका, मी ठणठणीत होऊन तुमच्या निकालाचे पेढे खायला येणार आहे!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. एक आजोबा डोळे पुसत होते. मलाही भरून आलं. मी सरांकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला आणि दोनदा टेबलावर आपटला. टाळ्या थांबल्या. मग त्यांनी एक कागद ओढला, लिहिलं आणि माझ्यापुढं सरकवला : 'मी असं लिहिलं नाही.'

मी माईकवर हात ठेवून वाकलो. "सर, पोरं आहेत हो. आजच्या दिवशी कशाला?"

त्यांनी खाली लिहिलं, 'वाच.'

मी कागद धरला. तोंड उघडलं. पहिला शब्द 'तुमचे'. तोही फुटेना. समोर पोरं वाट बघत होती. त्यांना वाटत होतं मी नाटक करतोय, दोघं-तिघं हसलीही.

सर उठले. दमानं फळ्याकडे गेले, डस्टर घेतला आणि मोर पुसायला लागले.

"अगंबाई," असं चित्रकलेच्या बाईंच्या तोंडून निघालं.

"सर, अवं सर!" चेअरमन खुर्चीतून अर्धे उठले. "फोटू निगायचाय अजून! मोर ऱ्हाऊ द्या की!"

निळी-हिरवी भुकटी खाली यायला लागली. सरांनी एका हातानं गळ्यावरचा रुमाल घट्ट दाबून धरला. शिपाईमामा पाण्याचा तांब्या घेऊन धावले, त्यांना नजरेनंच थांबवलं. मग दुसऱ्या हातानं खडू घेऊन, माझ्या हातातल्या कागदावर होतं तेच, शब्दाला शब्द, फळ्यावर लिहिलं. 'बरा होणार नाही' इथं खोकल्याची उबळ आली. आवाज नसलेल्या माणसाचा खोकला फार वाईट. नुसती हवा सुटते, शिट्टीसारखी. ते फळ्याला टेकून उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या दोन मुली रडायला लागल्या. बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तिचं ते ठेक्यातलं गाणं आत ऐकू येत राहिलं.

उबळ गेली. मला वाटलं आता येऊन बसतील. आले नाहीत. त्यांनी फळ्याची उरलेली बाजू पुसली, मोराचा पिसारा गेला, आणि तिथं एक शंकू काढला. तळाला त्रिज्या. मधे ठिपक्यांची उभी रेघ. बाजूला तिरकी उंची. खाली सूत्र लिहायला घेतलं. प्रत्येक रेघ सरळ आली.

कुणी काही सांगितलं नव्हतं. पण पाकिटांचा सळसळाट झाला. वह्या नव्हत्याच कुणाकडं. पोरांनी प्रवेशपत्रं बाहेर काढून मांडीवर ठेवली आणि पाकिटाच्या मागच्या बाजूवर, त्या नव्या पेनांनी, उतरवून घ्यायला सुरुवात केली. मी माईक बंद केला आणि बाजूला झालो. चेअरमन मात्र पूर्ण उभे राहिले होते. सरांना आवरावं की बसावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांचा सगळा देह फळ्याच्या आडवा आला होता. तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी, आईच्या जरीच्या साडीत, बाकावर गुडघे टेकून उठली आणि ओरडली,

"आवं चेअरमन, खाली बसा की! शंकूची उंची दिसंना!"