भाजी काढा गं, औषध मारतोय!

या, जवळ सरकून बसा. आणि हे काय, त्या गाजर गवतातून आलात? बांधावरून यायला काय झालं होतं? आता पाय खाजवत बसाल आणि नावं आजीला ठेवाल.

हे गवत आज माजलंय असं नाही. आधीही माजायचं, आणि ज्याने ते मारायचं तो नुसता ओरडायचा, "भाजी काढा गं बायांनो, औषध मारतोय!"

तो आमच्या ग्रामपंचायतीचा फवारणीवाला. पाठीवर पंप, हातात नळी, आणि आवाज पार तलासरी नाक्यापर्यंत जाईल असा. पालघर जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. अंगणवाडीमागच्या सरकारी जागेत गाजर गवत आणि टाकळा एकमेकांत मिसळून उगवतात. गवताने पोरांच्या अंगाला खाज सुटते, आणि टाकळ्याच्या भाजीवर पाड्यातल्या चुली चालतात. पावसाच्या सुरुवातीला दुसरी भाजी असते कुठे?

बरं, आरोळी दिली की मारावं ना औषध! तर बाया म्हणायच्या, "भाऊ, आज नाय हां! अजून देवाला दाखवली नाय." आमच्याकडे नवी भाजी देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी खात नाही. एका वर्षी तर देवाचं करणारा भगतच तापाने पडलेला. झालं! पंप उतरवून हा माझ्या ओट्यावर चहा प्यायला हजर.

"अरे, गवताला फुलं आली!" मी चिडायचे.

"मावशी, देवाच्या आधी मी कसा हात लावू?"

"देव काय गाजर गवत खातो?"

"तुम्हीच विचारून बघा त्याला."

एकदा वरच्या ऑफिसातून फवारणीचा फोटो मागवला. भाजी अजून काढायची होती, म्हणून याने पंपात साधं पाणी भरलं आणि रुबाबात फवारलं. फोटो झकास आला. गवत आणखी तरारलं. असा राग आला होता मला, की आठवडाभर चहा दिला नाही.

पोरांच्या आयांनी तक्रार केली, तीही खोटी नव्हती. काम ठेकेदाराला गेलं, याला घरी बसवलं. एका सकाळी अच्छाडकडून टेम्पो आला, तोंडाला फडकी बांधलेली माणसं उतरली, फवारलं, गेली. ना हाक, ना बोंब.

दुपारी हा तिथून जात होता. थांबला, टाकळ्याचं पान चोळून हुंगलं, आणि पाड्याकडे धावत सुटला. "टाका! टाका गं सगळी भाजी!" शेजारणीच्या चुलीवरचं पातेलं त्याने तसंच उचलून अंगणात उपडं केलं.

"मेल्या, पोरं उपाशी ठेवतोस?" ती अंगावर धावली.

भाजलेला हात फुंकत तो म्हणाला, "ठेव. आजचा दिवस ठेव."

पुढे तो सायवनला बहिणीकडे गेला, तो गेलाच. त्या वर्षी टाकळा जळाला; गाजर गवत महिन्याभरात पुन्हा पांढरं फुललं. आता टाकळाही आलाय, लुसलुशीत. पण हात कोण लावणार? कोण कधी मारून गेलं, कळायचं कसं? पंचायतीत विचारा, तर ठेकेदाराला विचारा म्हणतात. ठेकेदार फोन उचलत नाही. बाया येतात, कडेला उभ्या राहतात, आणि रिकाम्या ओटीने परततात.

मी माझ्या परसात थोडा राखलाय. त्याला कोणी काही मारलेलं नाही, माझा शब्द. पानं जून व्हायच्या आत पुन्हा या. आणि या वेळी बांधावरून या.