रिबिनी नकोत

जपानला निघाले तेव्हा मुंबई विमानतळाबाहेर आई डोळे पुसत होती, तेवढ्यात कुणालातरी सोडायला आलेल्या एक काकू मध्येच घुसल्या. "अगं बाई, छकुली ना तू? म्हण ना ते!" आईने रडता रडता मला कोपराने ढोसलं. "म्हण गं, एवढ्या म्हणतायत तर." मग तिशीची मी, बोबडं बोलत म्हणाले, "कत्ती म्हंजे कत्ती!" आठवलं तरी शिसारी येते.

ठाण्याचे तुम्ही सगळे नातेवाईक अजून विचारता, एवढं चांगलं नाव सोडून जपानात कशाला राहिलीस? अहो, कसलं नाव! सहाव्या वर्षी लाल रिबिनी बांधून, हातात लॉलीपॉप घेऊन मालिकेत छकुली झाले, दात पडून नवे आल्यावर चॅनेलने हाकललं. पण लोकांनी काही मला मोठं होऊ दिलं नाही. पुढे नाटकात काम मागायला गेले, तर तिथेही सगळ्यांना छकुलीच हवी होती.

नवऱ्याच्या बँकेच्या पोस्टिंगमुळे टोकियोजवळच्या ग्योतोकुला आलो. इथे मला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. काय सुख होतं ते! जपानी जिभेवर बसल्यावर एका छोट्या नाटकमंडळीत शिरले. दिवसा कोनबिनीत बाइतो, म्हणजे दुकानात अर्धवेळ नोकरी करणारी ही मंडळी. तालमीआधी दिग्दर्शकासकट सगळे फडक्याने जमीन पुसतात. तालीम संपली की जमिनीवर बसून दामेदाशी, म्हणजे प्रत्येकाच्या चुका चारचौघांत सांगायच्या. माझी पाळी आली तेव्हा दिग्दर्शक इतकंच म्हणाले, "तुम्हाला गोड दिसायची फार घाई आहे." सायकलवर घरी येईपर्यंत रडले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी फडकं घेऊन हजर.

आणि आपली मराठी माणसं! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी स्वगत बसवलं. घर सोडून निघालेल्या बाईचं, चांगलं जीव ओतून. टाळ्या थांबायच्या आत सांस्कृतिक समितीचे काका लाल रिबिनी आणि लॉलीपॉप घेऊन स्टेजवर. "आता खरा कार्यक्रम!" रिबिनी त्यांच्याच हातात कोंबल्या आणि खाली उतरले. "जपानात येऊन शेफारली," मागून कोणीतरी म्हणालंच. म्हणा खुशाल.

यंदा आई आली. मी म्हातारीचं काम करत होते. आईला जपानी ओ की ठो कळत नाही, तरी पुढच्या रांगेत बसली. परतताना ट्रेनमध्ये शेजारी बसली. मग म्हणाली, "राग येणार नसेल तर बोलू?"

"बोल."

"खाली बसलेली म्हातारी अशी टुणकन उठत नाही गं. गुडघे कुरकुरतात. आधी भिंत शोधते, मग उठते. तू खोटी उठलीस."

आजवर या बाईने मला 'गोड' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. अख्खा डबा चिडीचूप, आणि मी मोठ्याने हसले, मग रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी प्रयोगात आधी भिंत शोधली.

घरी कधी येतेस, विचारता ना? तिकडे माझं घर आत्ता आईएवढंच आहे. बाकीच्यांनी आधी माझं नाटक बघावं, तोंडावर नावं ठेवावीत, आणि मग ये म्हणावं.