इवायाले सांगाचं कारन

खुशालराव सर अमरावतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले. तरी कोणी कारण सांगू लागलं की त्यांचे कान अजून टवकारतात. त्यांच्या लेखी 'बिकॉज ऑफ' म्हणजे पायजमा, घरात चालतो. 'ड्यू टू' म्हणजे इस्त्रीचा सदरा, हापिसापुरता. 'ओइंग टू' मात्र कोट; तो मोठ्या माणसापुढेच घालायचा.

सरांच्या पोरीचे, आरतीचे सासरे शेषराव दर्यापूरचे. त्यांनी नवं घर बांधलं. वास्तूच्या दिवशी इवायासाठी, म्हणजे व्याही खुशालरावांसाठी, पंगत थांबवून धरली, पण इवाई आलेच नाहीत. सर सकाळी वरूडकडे एका संत्र्याच्या बगीच्यात रोडगे खायला गेले होते. तिथून परभारे दर्यापूरला जाऊ म्हणाले. गोवरीच्या आरात भाजलेला, तुपात बुडवलेला कणकेचा रोडगा आणि वर वांग्याची भाजी. जेवून झाडाखाली जे आडवे झाले, ते दिवेलागणीलाच उठले.

शेषराव रुसले. दिवाळीला आरतीनं माहेरी यायचं होतं. त्यांनी निरोप धाडला, "इवायानं कारन सांगावं, मंगच सून पाठवतो."

सरांनी मोबाइल घेतला. 'बिकॉज ऑफ' लिहिलं आणि खोडलं. इवाई काय घरचा गडी आहे? 'ड्यू टू' लिहिलं, तर नोटीस काढल्यासारखं दिसलं.

चकल्या पाडता पाडता कौशल्याबाई म्हणाल्या, "अवो, फोन लावा अन् सांगा, झोप लागली म्हनून."

"झोप हे काय कारण झालं? सांगाची एक रीत असते."

"पोरीची दिवाई तुमच्या रीतीतच सरन."

सर कोटाकडे वळले, तशी बाईंनी आतल्या खोलीत जाऊन स्वतःच फोन लावला. "भाऊ, रोडग्यापायी राह्यलं पाहा. खाल्ले अन् झोपले बगीच्यात."

शेषराव खदखदून हसले. "रोडग्यापायी? मंग पयलेच सांगाचं न, इहीनबाई. रोडग्यापायी म्या सख्ख्या साळ्याचं लगन सोडलं. सकाळीच धाडतो पोरीले."

बाई बाहेर येतात तोवर सरांचा मेसेज गेला होता. 'ओइंग टू अनअव्हॉयडेबल सर्कमस्टन्सेस.'

शेषरावांनी तो पोराकडून, ललितकडून वाचून घेतला आणि लगेच सरांना फोन केला.

"सर, एका दिवसाचे दोन कारनं कशे? इहीनबाई म्हनते रोडगे. तुमी म्हनता, टायता न येनारी परिस्थिती. खोटं कोन बोलून राह्यलं? आदी ते ठरू द्या, मंग पोरीचं पाहू."

सरांनी वर पाहिलं. बाई चकलीचा सोऱ्या हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

"इवाई," सर म्हणाले, "दोन्ही एकच आहे."

"कसं काय?"

"रोडगा टाळता आला नाई."

शेषराव म्हणाले, "हे तोंडानं सांगतलं असतं त पोरगी कालच आली असती. सकाळच्या गाडीत बसवून देतो. घर पाहाले तुमाले यावंच लागन. अन् नाई आले, त काई लिहू नका."