काटा वर जाऊन राह्यला

नेरडीगोंड्याला हायवेच्या कडेला माझं जीप-ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, तेव्हा बोट मी फक्त लांबून पाहिली होती. दाजींनी मला बोटीकडे ओढलं. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे नवरे. आमच्या भागातल्या एका धरणावर पर्यटकांना फिरवायला बोट आली आणि दाजी तिच्यावर चालक म्हणून लागले. बोट जुनीच होती, कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या तलावावर वापरून झालेली. महिन्याभरात ती बंद पडली. बोटीचा कारभार पाहणाऱ्या साहेबांनी हैदराबादहून माणूस बोलवायचं ठरवलं, तर दाजी म्हणाले, "माहा साळा हाये न. एकदा पाहू द्या त्याले."

मी गेलो, झाकण उघडलं आणि जरा हसूच आलं. आत चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन होतं, जीपमध्ये असतं तसंच. नवलाचं ते मागे होतं. इंजिन बोटीच्या पोटात, त्याचा दांडा मागच्या फळीतून बाहेर, आणि बाहेर पाण्यात उभा एक लोखंडी पाय. त्याच्या खालच्या टोकाला पंखा. आम्ही त्या पायाला लेग म्हणायचो. हा पाय वळला की बोट वळते, बटण दाबलं की तो वर उचलला जातो. दोन-तीन वर्षांत मी त्याचं सगळं शिकलो. लेगमधलं तेल दर महिन्याला थोडं काढून पाहायचं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं की समजायचं, कुठल्यातरी सीलमधून पाणी आत शिरलं. दांड्यावरचा रबरी भाता हाताने चाचपायचा, त्याला चीर गेली की बोट उभ्या जागी पाणी भरून घेते.

आणि इंपेलर. लेगच्या आत एक छोटा पंप असतो, त्यात सहा पाकळ्यांचं रबरी चाक फिरतं. तेच धरणाचं पाणी ओढून इंजिनाला गार ठेवतं. चाक तळहाताएवढंही नसतं. पण ते बदलायचं तर बोट ट्रॅक्टरने काठावर ओढावी लागते आणि लेग खोलावा लागतो. दोन दिवस जातात.

त्या वर्षी पावसाळा लागल्यावर दाजी मला म्हणाले, "काटा वर जाऊन राह्यला रे. जोरात घेतलं का वर जाते, हळू केलं का उतरते."

काटा म्हणजे इंजिन किती तापलं ते दाखवणारा. मी लेग उचलून पाहिला. पाणी ओढायच्या जाळीला हिरवं गवत चिकटलं होतं. ते काढलं आणि म्हणालो, "गवत होतं, दाजी. झालं."

आठवड्याने त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मी पुन्हा गवत काढलं, त्याच्या पुढच्या खेपेलाही. पावसाळ्यात धरणात गवत, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, काय काय वाहून येतं, जाळीला काहीतरी सापडतंच. पण गवताने काटा चढला तर तो एकदम चढतो, गवत काढलं की मुकाट खाली येतो. वेग वाढवला की चढणारा आणि रोज थोडा लवकर चढणारा काटा इंपेलरचा असतो. हे मला ठाऊक होतं, दुसऱ्या कोणाला मीच समजावून सांगितलं असतं. नवीन इंपेलर डब्यात बंद, गॅरेजच्या फळीवर पडला होता. पण सुट्यांचे दिवस होते, बोटीवर गर्दी होती, साहेब बोट बंद ठेवू देणार नव्हते. खरं सांगायचं तर मी साहेबांना विचारलंच नाही. गवत सापडत होतं, आणि मला गवतच सापडायला हवं होतं.

अक्का आणि दाजींचं घर, शेत धरणाच्या पलीकडच्या गावात होतं. दाजी कामाच्या दिवसांत अलीकडे राहायचे. एकुलती एक मुलगी शिकायला होस्टेलात होती. जोराचा पाऊस झाला की त्या गावाच्या वाटेवरचा नाला भरायचा आणि जंगलातून फेरा मारून यावं लागायचं.

त्या दिवशीही नाला भरला होता. सकाळी दहाच्या सुमारास दाजींना फोन आला. अक्काने चुलीसाठी पऱ्हाट्या काढायला गंजीत हात घातला आणि नाग चावला. मी तेव्हा बोटीवरच होतो, बॅटरीचं पाणी पाहायला आलेलो. दाजींनी फोन ठेवला आणि एवढंच म्हणाले, "चाल."

कोणाला विचारायला आम्ही थांबलो नाही. अँब्युलन्स धरणावर बोलवून ठेवली आणि निघालो. रिकामी बोट भरधाव होती. अर्ध्या पाण्यात काटा चढायला लागला. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, वेग कमी केला, काटा थांबला.

पलीकडे गावकऱ्यांनी अक्काला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून काठावर आणलं होतं. चालत बोटीत आली ती. डाव्या मनगटाखाली दोन बारीक ठिपके, हात कोपरापर्यंत सुजलेला. मला पाहून म्हणाली, "तू कायले आला कामधंदा सोडून?"

परत निघालो तेव्हा दाजींना वेग कमी ठेवणं जमलं नाही. मीही म्हटलं नाही. पाण्याच्या मध्यावर इंजिन तापल्याचा भोंगा वाजायला लागला, काटा लाल पट्ट्यात. दाजींनी इंजिन बंद केलं. मी झाकण उघडलं तर वाफ आणि जळक्या रबराचा वास.

लेग वर घेतला. पोटावर पालथा पडून जाळी साफ केली. गवत होतंच. पुन्हा चालू केलं, पुन्हा काटा वर. मग पाण्याचा पाइप सोडवून पाहिला. जिथे धार यायला हवी तिथे थेंब थेंब येत होते. आता काही शोधायचं उरलं नव्हतं. पंप लेगच्या आत, लेग पाण्यात.

"काय झालं रे?" अक्काने विचारलं.

"काई नाई अक्का, गवत अडकलं."

"तू हायेस न," ती म्हणाली. "होते मग."

बोटीत एकच वल्हं होतं. ते दाजींनी घेतलं, मी बसायची फळी उखडली आणि दुसऱ्या बाजूने मारायला लागलो. इंजिन जरा निवलं की चालू करायचो. दोन मिनिटं चालायचं, भोंगा वाजायचा, बंद. पुन्हा वल्हं. ती बोट वल्ह्यासाठी केलेली नव्हती, पाण्यात म्हशीसारखी बसून राहायची. वारा समोरून. हाताची सालटी निघाली, ती मला नंतर दिसली.

अक्का आधी बोलत होती. मग म्हणाली, "पापण्या जड होऊन राह्यल्या." मग जरा वेळाने, "दोन दोन दिसून राह्यले रे तुमी." दाजी तिला सारखे म्हणत होते, "बोल, बोलत राह्य." ती बोलायचा प्रयत्न करत होती, पण जीभ जड झाली होती. शेवटी म्हशीचं काहीतरी सांगत होती. सोडायची राहिली की पाणी पाजायचं राहिलं, मला कळलं नाही. मी "हो अक्का, हो" म्हणत फळी मारत राहिलो. तिसऱ्या खेपेला इंजिनातून ठोके ऐकू आले आणि ते कायमचं थांबलं. पुढचं सगळं पाणी आम्ही हातानेच काढलं.

आदिलाबादच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा श्वास उथळ झाला होता. लगेच इंजेक्शनं सुरू केली, मशीनवर घेतलं. डॉक्टरीण तरुण होती, तेलुगू मुलगी, आमच्याशी हिंदीत बोलली. कधी चावला, काय बांधलं, सगळं विचारून लिहीत होती. पाणी ओलांडायला किती वेळ लागला, विचारलं. दाजी म्हणाले, पाऊण तासाच्या वर.

"नॉर्मली कितना लगता है?"

"बारा मिनट," दाजी म्हणाले.

तिने पेन थांबवलं, आमच्याकडे पाहिलं, आणि ते लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का गेली. लवकर आणलं असतं तर वाचली असती का, असं मी त्या डॉक्टरणीला कॉरिडॉरमध्ये एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, सांगता येत नाही. अजूनही मला त्या उत्तराचा काय अर्थ घ्यावा ते कळत नाही.

दहाव्या दिवशी आम्ही नदीवर होतो. समोरच्या शेतात कोणीतरी मोटारीचा पाइप पाण्याच्या टाकीत सोडला होता. मी नुसता त्या धारेकडे बघत होतो आणि एकदम आठवलं. बोटीत साचलेलं पाणी बाहेर फेकायला एक छोटा बॅटरीचा पंप असतो. त्याचा पाइप माझ्या गुडघ्याला लागत होता त्या दिवशी. तो पंप धरणाच्याच पाण्यात टाकून पाइप इंजिनाला जोडला असता, तर हळू का होईना, इंजिन काठापर्यंत चाललं असतं. दोन मिनिटांचं काम. कोणत्याही दुसऱ्या दिवशी मला ते सुचलं असतं.

नंतर बोट काठावर ओढून मी लेग खोलला. इंपेलरच्या सहापैकी तीन पाकळ्या तुटलेल्या, उरलेल्या वाळल्या चामड्यासारख्या कडक. तुटलेले तुकडे वरच्या पाइपात अडकलेले. दाजी येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली.

"काय निघालं?"

इंपेलर माझ्या मुठीत होता. "गवत," मी म्हणालो. "पाइपात आतपर्यंत जाऊन बसलं होतं."

त्यांनी मान हलवली. "पाण्याचं काय. त्याले कोण सांगन," म्हणाले आणि गेले.

त्या बोटीवर ते पुन्हा चढले नाहीत. शेत बटाईने दिलं. भाचीचं लग्न बेल्लमपल्लीला झालं, जावई खाणीत कामाला. दाजी तिच्याकडेच क्वार्टरमध्ये राहायला गेले. मी वर्षातून तीन-चारदा बसने जायचो. आणि दर वेळी एक गोष्ट व्हायची. शेजारचं कोणी येऊन बसलं, की दाजी माझी ओळख करून द्यायचे. "हा माहा साळा. बोट बंद पडली तर यानं फळीनं बोट आणली काठाले. हाताचं मास दिसून राह्यलं होतं. असा भाऊ कोणाले भेटत नाई." लोक माझ्या हातांकडे पाहायचे. मी चहाकडे पाहायचो.

सहा वर्षं मी ते ऐकून घेतलं. मागच्या उन्हाळ्यात एक निवृत्त खाणकामगार आला होता, त्याला दाजी तीच गोष्ट सांगत होते. त्या माणसाने माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. तो गेल्यावर मला तिथे बसवेना. म्हणालो, "दाजी, गवत नव्हतं."

मग सगळं सांगितलं. इंपेलर, फळीवरचा डबा, खोटं बोललो ते, बोटीतला तो दुसरा पंपही. दाजी ओसरीत बाजेवर बसले होते.

मग त्यांनी विचारलं, "मी तुले किती खेपा सांगतलं होतं काट्याचं?"

"तीन."

"चार," ते म्हणाले.

मग त्यांनीच विचारलं,

"तवाच काऊन नाई सांगतलं?"

"हिंमत नाई झाली."

"तवा सांगतलं असतं तर मारलं असतं मी तुले." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "आता कोणाले मारू?"

ते उठून आत गेले. भाची ताटं वाढायला बाहेर आली. "मामा, बाबा जेवत नाई म्हणतात. काय झालं?" गेली ती तिचीच आई होती. तिलाही सांगितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, हातातलं ताट तसंच. रडली नाही. थोड्या वेळाने विचारलं, "बस किती वाजता हाये तुमची?" आजवर तिने मला तसं कधी विचारलं नव्हतं. नेहमी राहून जा म्हणायची.

त्यानंतर दाजी फोन उचलत नव्हते. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सांगून मन हलकं होतं असं लोक म्हणतात. माझं झालं नाही. आधी मी एकटा सहन करत होतो, आता ते दोघंही करत होते, एवढाच फरक.

मग गेल्या महिन्यात दाजींचाच फोन आला. आवाज कोरडा. "पोरीले पोरगी झाली. तुले सांगाव म्हटलं."

"येऊ का मी बारशाला?"

मग, "पाह्य तू."

मी गेलो. छोटंसं झबलं, पैंजण घेऊन. घरात बायकांची गर्दी होती. भाचीने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. बाळाचा वरचा ओठ अक्कासारखा आहे, असं मला वाटलं. मी ते कोणाला बोललो नाही. दाजी बाहेर बाजेवर होते. मी जाऊन शेजारी बसलो, त्यांनी थोडं सरकून जागा दिली. कोणीतरी नवीन पाहुणा आला आणि माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण?

"पोरीचा मामा हाये," दाजी म्हणाले, आणि बोटीची गोष्ट काढली नाही.