दोन मिनिटांची कसर

बाजारातले दुकानदार पाठीमागे त्यांना 'काटा' म्हणत आणि तोंडावर 'साहेब'. पुढे कुणीतरी दोन्ही जोडून टाकलं आणि काटासाहेब हे नाव कायमचं चिकटलं. वजन-मापे खात्यात ते निरीक्षक होते. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दोन ग्रॅमसुद्धा इकडचे तिकडे होऊ दिले नव्हते. हाच चोखपणा ते घरीही आणत, हे मात्र घरच्यांचं दुर्दैव. दुधाचं माप, शिंप्याची टेप, मेहुण्याच्या बढाया, सगळं ते तपासून घेत. बढाया नेहमीच कमी भरत.

एक्कावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. साहेबांनी सायकल घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, "चालताना पावलं लहानमोठी पडतात, अंतराचा भरवसा नाही." आणल्या दिवशीच त्यांनी चाकाचा घेर स्टीलच्या टेपने तीनदा मोजला. तोही बायकोला सीटवर बसवून, कारण वजनाने टायर किती दबतो ते धरायला हवं. बायको बिचारी भिंतीला धरून अर्धा तास सायकलवर बसून होती. हँडलवरच्या मीटरमध्ये तो घेर मिलिमीटरपर्यंत भरल्यावरच तिला खाली उतरायची परवानगी मिळाली.

मग त्यांना समदुःखी भेटले. गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई एक मंडळ चालवत. ऐन थंडीतल्या एका रविवारी मंडळातली धडधाकट, शिकलेली माणसं गरम अंथरुणातून आपण होऊन उठत आणि दोनशे किलोमीटर सायकल चालवत. बक्षीस नाही, पहिला नाही, दुसरा नाही. सकाळी सहाला निघायचं आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत यायचं. वाटेत तीन ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा आणि मधल्या रस्त्यात कुणाचीही मदत घ्यायची नाही. नियमांचं छापील पत्रक होतं, एकूण चौदा कलमं. ते वाचताना साहेबांचे डोळे पाणावले. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही त्यांचा चेहरा इतका फुलला नव्हता, असं बायकोचं म्हणणं.

पहिल्या हिवाळ्यात ते धुक्यात भलत्याच फाट्याला वळले आणि अकरा किलोमीटरवरच्या वीटभट्टीत पोचले. दुसऱ्या हिवाळ्यात पोटऱ्यांनी संप केला. तिसऱ्या वर्षी सगळं सुरळीत चाललं होतं, पण त्यांनी रस्त्याकडेला दोन सफरचंदं घेतली. फळवाल्याचा काटा चाळीस ग्रॅम खोटा निघाला. दुसरा कुणी असता तर सफरचंद खाऊन पुढे गेला असता. साहेबांनी तिथेच पंचनामा केला, आणि जवळ दुसरा कागद नव्हता म्हणून शिक्क्यांच्या कार्डामागे केला. पंच म्हणून त्यांनी दोन ट्रकवाले उभे केले. या कामाला पाऊण तास गेला आणि कार्डही बाद झालं.

तेव्हा बायकोने हात टेकले. "अहो, तीन वर्षं झाली. दर रविवारी मी एकटी जेवते. आता एकदाच काय ते ठरवा. यंदा झालं तर झालं. नाही झालं तर सायकल माझ्या भावाला द्यायची."

मेहुण्यालाही डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं आणि त्याची कधीपासून त्या सायकलीवर नजर होती. त्याने एकदा बसूनही पाहिलं होतं. टायर इतका दबला की साहेबांना मनातल्या मनात मीटर बदलावा लागला.

"दिला शब्द," साहेब म्हणाले. शब्द दिला, पण त्या रात्री त्यांनी उगाचच दोनदा सायकल पुसली. या वयात दुसरं काहीच त्यांना इतकं आवडलेलं नव्हतं.

चौथ्या हिवाळ्यातला तो रविवार असा उजाडला की गवतावरचं दव गोठलं होतं. साहेबांनी जाकिटाखाली छातीवर वर्तमानपत्र घातलं, मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि कानटोपीवर हेल्मेट बसवलं. बायको म्हणाली, "रद्दीवाल्याकडे निघाल्यासारखे दिसताय." बरोबरचे तरुण चकाचक कपड्यांत होते आणि त्यांचे दात कडकडा वाजत होते.

पहिले पन्नास किलोमीटर धुक्यात गेले. मिशांवरून पाणी टपकत होतं. धरणाजवळ पहिला शिक्का मिळाला तेव्हा बोटं इतकी बधिर झाली होती की साहेबांनी केळं दातांनी सोललं. वाटेत फळवाला दिसला, तेव्हा ते मान दुसरीकडे वळवून पुढे गेले. खात्यात रुजू झाल्यापासून कर्तव्यात केलेली ही त्यांची पहिली कसूर. दुपारी ऊन आलं, पण नुसतं दिसण्यापुरतं. परतीला वारा समोरून होता. दीडशेनंतर गुडघे बोलायला लागले, एकशेऐंशीला शिव्या द्यायला लागले. साहेब मोठ्याने सायकलीशी बोलत होते, "देणार नाही तुला त्याला. चल."

आणि खरोखरच सात वाजून चोवीस मिनिटांनी ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासमोर आले. आवारात टेबल मांडलं होतं आणि आधी पोचलेले लोक टाळ्या वाजवत होते. फाटकात बायको स्वेटरवर शाल गुंडाळून उभी होती. सहा मिनिटं हातात होती.

साहेबांनी मीटरकडे पाहिलं. एकशे नव्व्याण्णव पूर्णांक सहा.

डॉक्टरीणबाईंनी अंतर फोनवरच्या नकाशात बोट फिरवून मोजलं होतं. साहेबांनी चाक टेपने मोजलं होतं. चूक कुणाची, हा प्रश्नच नव्हता. चारशे मीटर कमी भरत होते, आणि कमी भरलेलं माप साहेबांनी आयुष्यात कधी पुढे सरकवलं नव्हतं. त्यांनी बायकोला हात केला आणि फाटकावरून सरळ पुढे निघून गेले.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी ओरडलं, "काका, इकडे! इकडे!"

दवाखान्यामागच्या गल्लीला वळसा घालायचा, दीड मिनिटाचं काम. पण गल्लीत एक ट्रक गोदामात मागे मागे जात होता. पुढे येई, वाकडा होई, पुन्हा मागे जाई. बाजूचा फूटपाथ रिकामा होता. मात्र फूटपाथ पायी चालणाऱ्यांचा, तेव्हा काटासाहेब एक पाय जमिनीला टेकवून, घड्याळाकडे बघत, शिस्तीत उभे राहिले.

ते फाटकातून आत आले तेव्हा मीटरवर दोनशे पूर्णांक एक होतं आणि घड्याळात सात बत्तीस.

"काका, कुठे गेला होतात?" डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"दोनशे पूर्ण करायला."

"अहो, इथेच झाले होते पूर्ण! बरं, जाऊ दे. सगळ्यांनी तुम्हाला फाटकासमोर बघितलंय. सात चोवीस लिहिते."

साहेबांनी कार्डावर हात ठेवला. त्यांना ते चोवीस हवं होतं. "फाटकासमोर होतो. फाटकात नव्हतो," ते म्हणाले. "बत्तीस लिहा."

बाईंनी लिहिलं.

बायकोने त्यांना भिंतीशी खुर्चीवर बसवलं, हातमोजे ओढून काढले आणि चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरवला. मग म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही हरावं असंच मनात म्हणत होते मी. आज पहिल्यांदाच वाटलं होतं, यांचं व्हावं. साडेपाचपासून उभी आहे त्या फाटकात. आणि तुम्ही मला हात करून निघून गेलात."

"शब्द दिलाय," साहेब पुटपुटले. "त्याला उद्या बोलाव."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊच होता. पलीकडून त्याचा उत्साह साहेबांपर्यंत ऐकू येत होता. "काय गं, झालं का त्यांचं? उद्या सकाळी टेम्पो घेऊन येऊ?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मोज्यांवर फाटक्या पिशव्या, गळ्याजवळून बाहेर आलेलं ओलं वर्तमानपत्र.

"नको येऊस," ती म्हणाली. "झालं त्यांचं. हो, दोनशे. हो हो, वेळेत. सहा मिनिटं राखून आले."

काटासाहेबांनी तोंड उघडलं. बायको त्यांच्याकडे रोखून बघत होती. त्यांनी ते तसंच मिटलं आणि खाली बघून चहा प्यायला लागले.