ओळ पुढे द्यायची

आमच्या अमरावतीच्या भजनी मंडळात गाणे कोणी शिकवीत नसे. बायका गोल करून बसायच्या, मधे ढोलकी आणि पेटी. मंडळ चालवणाऱ्या बाई एका मास्तरांच्या विधवा होत्या. त्या एक ओळ म्हणायच्या, मग ती एकेकीने म्हणत गोलात फिरवायची. अट अशी की आली तशी पुढे द्यायची नाही, आपले काहीतरी त्यात घालायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारले, "शेजारीण वाटीत भाजी पाठवते. तिची वाटी तू रिकामी देतं का परत?"

मी मान हलवली. नाही.

"मंग हे बी तसंच."

मला तिथे नेले माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. लग्न होऊन चांदूर रेल्वेकडच्या खेड्यातून आले तेव्हापासून घरात माझ्या वाट्याचे बोलणेही त्याच बोलत. सासूबाई मला काही विचारायच्या आणि उत्तर जाऊबाईंकडून ऐकायच्या. "हिले जीभ देली का नाही देवानं?" हेसुद्धा त्या जाऊबाईंनाच विचारत. पण मंडळात सगळ्यांबरोबर म्हणताना माझा आवाज निघे. तो मला आवडे. घरी तो मला कधी भेटत नसे.

एकटीची पाळी आली की मात्र काही सुचत नसे. आलेली ओळ मी जशीच्या तशी शेजारी बसलेल्या जाऊबाईंकडे लोटून द्यायची. बायका हसायच्या, "आली रिकामी वाटी!"

अशात अकोल्याच्या एका मंदिरातून सप्ताहाचे बोलावणे आले. बाई म्हणाल्या, "तिथं जी रिकामी वाटी देईन, ती इथं आल्यावर माघं बसन. झांज वाजवन. गाणं नाही." बोलताना त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

मला मागे बसायचे नव्हते.

मग माझे कशातच लक्ष लागेना. कणीक मळता मळता बोटे परातीवर वाजायला लागायची. धुणे अर्धे टाकून घरात यायची, कशाला आले ते आठवेना म्हणून परत धुण्याशी. भाकरी करपली. सासूबाई जाऊबाईंना म्हणाल्या, "काय झालं हिले? मुंग्या चावून राह्यल्या का?"

शेवटी धुण्याच्या दगडाशी उभी राहून मी एक वळण बसवले. आमची गौळण होती, तीत एक गवळण कान्हाला 'घागर भरू दे' म्हणते. 'भरू'वर आवाज उंच न्यायचा आणि पायरीपायरीने उतरवायचा. ते घोकून पाठ केले आणि मंडळात म्हणून दाखवले. बायका खूश झाल्या. बाई नाही.

"कालचं वरण हाये हे. गरम करून आणलं तू. अवं पोरी, वाटीत काय आलं ते पाहून टाकाव लागते. तू आंधीचीचं आयकतच नाही. नुसती आपल्या पाळीची वाट पाहतं."

अकोल्याला जाताना गाडीत जाऊबाई म्हणाल्या, "घाबरू नको वो. तुह्यानं नाही झालं तर मी सांभाळून घेईन."

मंदिरात ओळ फिरत फिरत माझ्या डावीकडच्या वकिलीणबाईंपर्यंत आली. त्यांना पडसे होते. 'घागर भरू' एवढे म्हणून त्यांचा आवाज फाटला आणि त्या खोकू लागल्या. ढोलकी चालूच होती. ओळ अर्धी लोंबकळत राहिली. माझे पाठ केलेले वळण आता कुठे बसवणार? मी जिथे त्यांचे सुटले तिथूनच उचलले, तितक्याच उंचीवरून. 'भरू दे, भरू दे.' ढोलकीवालीने थाप बदलली, तशी मीही तिच्यामागे गेले. पेटी माझ्यामागे आली. दर वेळी काही वेगळे सुचत होते. जाऊबाईंनी ओळ घ्यायला तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. ते मला दिसत होते. पण सोडवेना. अखेर बाईंनी झांज जोरात आपटून ओळ स्वतःकडे ओढून घेतली. जाऊबाईंची पाळी गेली ती गेलीच.

बाहेर चपला घालताना जाऊबाई कोणाला तरी म्हणाल्या, "माह्या वाट्याचंबी खाऊन बसली." माझ्याशी बोलल्या नाहीत.

परतताना फलाटावर आता माझ्यासाठी विचारणारे कोणी नव्हते. मीच बाईंजवळ गेले. "बाई, मी मागं बसू का?"

"वाटी भरली तू. लई भरली. पण देली कुठी? ओळ अजून तुह्याचपाशी हाये. बडनेरा येऊ दे, मंग सांगीन." अमरावतीसाठी तिथेच उतरायचे होते.

गाडीत जाऊबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी समोर बसले, उठले, दाराशी गेले, परत आले. मूर्तिजापूर गेल्यावर राहवेना. त्यांच्यासमोर उभी राहून हळूच ओळ म्हटली आणि 'भरू'वर सोडून दिली. त्यांनी घेतली नाही. पुन्हा म्हटली. मंडळातली एकजण हसली, "अवं माय, गाडीतबी सुरूच का?"

"बस खाली," जाऊबाई खिडकीकडून तोंड न वळवता म्हणाल्या. "लोकं पाहून राह्यले."

मी त्यांच्या शेजारी बसले, गोलात बसते तशी. या वेळी काहीच सजवले नाही. 'घागर' एवढेच म्हटले आणि थांबले. थांबणे फार जड गेले. पाय नुसते हलत होते.

"भरू दे," जाऊबाई म्हणाल्या. दूधवाल्याशी भांडतात तसा ठसका होता त्यात, आणि शेवटी आवाज असा काही लांबवला की मी पाहतच राहिले. मंडळात त्या कधी अशा गायल्या नव्हत्या. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. घे.

बाईंचे डोळे मिटलेले होते. "सोमवारी आपल्या जागेवर बसजो," त्या म्हणाल्या. "आता घे लौकर, बडनेरा आलं."

ओळ माझ्याकडे आली होती. जाऊबाईंनी शेवटी काय केले होते ते मी मनात पुन्हा ऐकून पाहत होते, आणि गाडी थांबायला लागली होती.