दाजींचा सोमवार

शुक्रवारी सकाळी साडेसातला ताईच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "तुमचे दाजी गेले," त्या म्हणाल्या, आणि मी विचारलं, "कुठे?" पितृपक्ष चालू होता. दाजी त्या दिवसांत एकदा पहाटे उठून नांदगावला, त्यांच्या गावी, जाऊन येत. तसेच गाडी काढून निघाले असतील आणि इकडे ताईचं काही अडलं असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. पलीकडे त्या रडायला लागल्या. अर्ध्या गालावर फेस तसाच घेऊन मी पाथर्डी फाट्याहून सिडकोत ताईकडे पोचलो. फिरायला निघताना बूट घालायला म्हणून दाजी खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत. एक बूट पायात होता, दुसरा हातात. महिना उलटला तरी मी अजून त्या 'कुठे?'पाशीच अडकलोय. सोमवारी ज्या माणसाने माझ्या दारात गाडीचं चाक खोललं, तो शुक्रवारी नाही, हे डोक्यात शिरतच नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबडच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्स खात्यात होते, तिथूनच निवृत्त झाले. ताईला बघायला ते येवल्याला आमच्या घरी आले, तो दिवस मला चांगला आठवतो. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मिठाई आणायला म्हणून अंगणात मोटारसायकल चालू केली, आणि हा मुलगा पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाला, "चेन लय सैल पडलीये. आज-उद्या तुटंल." मुलगी बघायला आलेल्याने मुलीच्या बापाच्या गाडीला नावं ठेवली म्हणून आमची आत्या चांगलीच फणफणली. अण्णांनी मात्र दुसऱ्याच दिवशी चेन आवळून घेतली आणि ताईला याच घरात द्यायचं ठरवून टाकलं.

पुढे त्यांनी जुनी, दुसऱ्याने वापरलेली पांढरी गाडी घेतली आणि आमच्या कुटुंबाला एक रविवार लागला. इंजिन थंड असताना, चहाच्याही आधी, बॉनेट उघडायचं. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवायची आणि उन्हात तिरपी धरून बघायची. मग कूलंट, ब्रेक ऑइल, वायपरचं पाणी, चारही चाकांची हवा, आणि आम्ही सगळे जिला विसरतो त्या स्टेपनीचीसुद्धा. मी चिडवायचो, "दाजी, ताईकडे कधी इतकं निरखून बघितलंत का हो?" ते मान वर न करता म्हणायचे, "तुमची बहीण बिघाड असला की स्वतः बोलते, विजयराव. ही बिचारी नाय बोलत." बिघडल्यावर धावपळ करणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून राग होता. आणि मी त्या माणसांतला पहिल्या नंबरचा.

ब्रेकचे पॅड संपत आलेत, असं माझ्या मेकॅनिकने पितृपक्ष लागायच्या आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी चालढकल केली आणि पंधरवडा लागला. आमच्या घरात त्या दिवसांत साधा रुमालसुद्धा नवीन घेत नाहीत. म्हटलं, घट बसले की टाकू. पण अण्णांची तिथी मंगळवारी होती, श्राद्ध कल्याणला मोठ्या भावाकडे, म्हणजे कसारा घाट उतरणं आलं. रविवारी संध्याकाळी ब्रेक दाबला की किर्र आवाज यायला लागला, तेव्हा सुनंदाने, माझ्या बायकोने, मला दाजींना फोन करायला लावला. "उद्या सकाळी जरा बघून जाल का?" ते क्षणभर थांबले... मग म्हणाले, "येतो."

सोमवारी आठला ते दारात हजर होते. सुनंदाने पोहे पुढे केले तर आधी नको म्हणाले. चाक खोललं, आत बघितलं, आणि मला हाताला धरून खाली वाकवलं. "बघा. लोखंडावर लोखंड घासतंय. हे असं घेऊन घाट उतरणार होते तुम्ही?" मी पितृपक्षाचं सांगितलं. "पितरांना नवीन पॅड चालत नाय, असं कोणत्या गुरुजींनी सांगितलं तुम्हाला? अण्णांना भेटायची लय घाई झाली का?" मग स्वतः जाऊन पॅड आणले आणि उन्हात बसून बसवले. मध्ये दोनदा पालथ्या बादलीवर बसले, पाणी मागितलं, डावा खांदा चोळला. मला वाटलं, नट आवळून भरून आला असेल. माझ्या डोळ्यांसमोर खांदा चोळत होते, आणि मी पंख्याखाली बसून पेपर वाचत होतो. दहा वाजून गेल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि सुनंदाला म्हणाले, "आता द्या पोहे."

गोदाघाटावर दहाव्याला जो तो हेच म्हणत होता, की गाडीला इतकं जपलं, स्वतःला नाही जपलं. मीही मान डोलावली. गेल्या रविवारी ताईकडे गेलो तेव्हा तिने कपाट उघडून दाराच्या आत चिकटवलेला एक पुठ्ठा दाखवला. दाजींच्या बारीक अक्षरात काम, तारीख, पुढची तारीख असे रकाने होते. शेवटचा रकाना 'कारण'. कारखान्यात ठरलेली तारीख पुढे गेली, तर कारण लिहावंच लागायचं. गाडीच्या सगळ्या ओळींपुढे तो रकाना कोरा होता. सगळ्यांत खाली लिहिलं होतं, 'स्वतः – हृदयाची तपासणी, सोमवार, दहा वाजता, उपाशी पोटी'. त्यावर काट मारून 'पुढचा सोमवार' केलं होतं. कारण – 'विजयची गाडी, ब्रेक'.

डॉक्टर म्हणतात, तपासणी झाली असती तरी खात्रीने काही सांगता आलं नसतं. डॉक्टर तसंच म्हणणार.

"तू कधी वाचलंस हे?" मी विचारलं.

"चौथ्या दिवशी. खोटं कशाला बोलू, तुझं तोंड बघू नये असं वाटत होतं मला." ताई खिडकीकडे बघत बोलत होती. "मग आठवलं, मंगळवारी कल्याणहून तुझा पोचल्याचा फोन येईपर्यंत हे जेवले नव्हते. ताट झाकून बसले होते. फोन आला तेव्हा म्हणाले, वाढ आता."

आम्ही दोघंही रडलो. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "तुझी तपासणी कधी झाली शेवटची? साखर, छाती, काहीही?"

"बघू," मी म्हणालो. "आता चार दिवसांवर दिवाळी आली. दिवाळी झाली की..."

बोलता बोलताच माझी जीभ अडखळली. ताईने टीव्हीजवळचं पेन उचललं, 'स्वतः'च्या खाली माझं नाव लिहिलं, पुढे दुसऱ्या दिवसाची तारीख घातली आणि कारणाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली, पुठ्ठ्यावर खाच पडली इतकी जोरात.

"उद्या साडेनऊला खाली उभा राहा," ती म्हणाली. "काही खाऊ नकोस. मी येते."